जादा झालं, परत करा

साळवे बाई मालिशला जाताना पर्समध्ये पिकलेले चिक्कू घेऊन जायच्या. खायला नाही. मालिश करणारीनं आधी चिक्कू दाबून दाखवायचा. साल शाबूत राहिली तर बाईंच्या खांद्याला हात लावायची परवानगी. साल फाटली की बाई शांतपणे म्हणणार, "जादा झालं. परत करा." आणि दुसरा चिक्कू पुढं करणार.

बाई गारखेड्यात आमच्याच इमारतीत, बरोबर आमच्या डोक्यावर राहतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या. नोकरीतली बावीस वर्षं पाचोडला. रोज सकाळी एसटीनं जायचं, रोज संध्याकाळी एसटीनं यायचं, आणि बहुतेक वेळा उभ्यानं. वरचा दांडा धरून धरून उजवा खांदा कामातून गेला, असं त्यांचं म्हणणं. निवृत्त झाल्यावर दोन वर्षांत तो पार आखडला. हात खांद्याच्या वर जाईना.

मी म्हटलं, "बाई, काही लागलं तर हाक मारा. मी खालीच आहे."

"व्हय, मारीन की," त्या म्हणाल्या आणि एकदाही मारली नाही. त्याऐवजी वरच्या फळीवरचे सगळे डबे जमिनीवर आले. कपाटातल्या साड्या खाटेखाली गेल्या. पंख्याचं बटण त्या फूटपट्टीनं दाबायला लागल्या. त्यांचं अख्खं घर कमरेच्या खाली उतरलं. राहिला एक फोटो, बाईंच्या मिस्टरांचा. तो भिंतीवर उंच होता आणि त्याचा हार सुकून काळा पडला होता.

"मी बदलू का हार?" मी विचारलं.

"नको."

"मग फोटो जरा खाली लावू. खिळा मारायला माणूस बोलावते."

बाईंनी माझ्याकडं, पाढा चुकलेल्या पोराकडं बघावं तसं बघितलं. "फोटो खाली येणार नाय, वर्षा. हात वर जाईल."

डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, शेक सांगितला आणि हलक्या हातानं मालिश करायला हरकत नाही म्हणाले. 'हलक्या' हा शब्द बाईंनी घट्ट धरून ठेवला. पण आमच्या शहरात हलक्या हातानं मालिश करणारी बाई मिळणं फार कठीण, हे आम्हाला पुढं कळलं.

पहिल्यांदा आम्ही एका नव्या झकपक पार्लरमध्ये गेलो. मंद दिवे, पाण्याचा आवाज, पांढरे टॉवेल. तिथली मुलगी गोड होती, कोपर मात्र लोखंडाचं.

"प्रेशर कसं वाटतंय, मॅम?"

"जादा आहे."

"ओके, मॅम," म्हणाली आणि तितकंच दाबत राहिली.

बाई टॉवेलसकट उठून बसल्या. "मग इचारलं कशाला?"

"विचारावंच लागतं, मॅम. आणि कमी दाबलं तर कस्टमर म्हणतात काही वाटलंच नाही."

"मला वाटतंय. आतापासून दोन दिवस वाटणारे." मग त्यांनी आधी राहून गेलेली परीक्षा घ्यायला चिक्कू काढला. मुलीनं अंगठा टेकवला आणि गर थेट पांढऱ्या टॉवेलवर उडाला. मॅनेजर धावत आली. बाईंनी तिलाही एक चिक्कू दिला. तिचाही फुटला. "पूर्ण तुकडीच कच्ची आहे," असा शेरा देऊन बाई बाहेर पडल्या.

त्यानंतर त्यांना कोणीतरी शमीमबींचं नाव सांगितलं. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत घर. बाळबाळंतिणींना तेल लावण्यात आयुष्य गेलेलं. साठीच्या आसपासच्या, आडव्या बांध्याच्या, पंजा असा की एका हातात पपई मावावी. बायका त्यांच्याकडं वाकून जातात आणि सरळ होऊन येतात, अशी ख्याती. मधल्या वेळात काय होतं, ते कोणी सांगत नाही.

बाईंनी रीतसर चिक्कू पुढं केला. "हा दाबून दाखवा."

शमीमबींनी चिक्कू हातात घेतला, वास घेतला, दोन तुकडे केले आणि खाऊन टाकला. "मीठा है," त्या म्हणाल्या. "चलो, लेटो."

बाईंची परीक्षा घ्यायची पद्धत त्या दिवशी संपली. मी पडद्याच्या अलीकडं बसले होते. थोड्या वेळानं आतून बाईंचा आवाज आला, "जादा झालं! परत करा!"

"चीखो, चीखो. चीख निकली तो समझो नस खुली."

"नस कायकी खुली? जीव चाल्ला मेरा!"

बाईंचं हिंदी असंच आहे. क्रियापद मराठी, जिद्दही मराठी.

बाहेर येताना बाईंनी पदर सावरत निकाल सांगितला, "दहापैकी चार."

"मेरे को फेल किए?" शमीमबी दारातच थबकल्या. "चालीस साल में कोई नहीं बोला ऐसा. नक्को आओ फिर."

पुढचे चार दिवस बाईंचा खांदा काळानिळा होता. ब्लाऊज घालताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी बघितलं. म्हटलं, "बाई, सोडा आता हा नाद. तुम्हाला येऊ नका म्हणाल्यात त्या."

"हात तिचा चांगला आहे," बाई म्हणाल्या. "कुठं दुखतंय ते न सांगता बोट तिथंच जातंय. तिला जागा कळती, फक्त जोर कळत नाय. माझ्याकडं पोरं यायची, त्यांना बेरीज यायची पण हातचा घ्यायचं राहायचं. अशांना सोडायचं नसतंय."

रविवारी त्या परत गल्लीत हजर. स्कूटीवर पुढं मी आणि मागं बाई. शमीमबींनी दार उघडलं, बघितलं आणि दार लावून घेतलं. बाई पायरीवर बसल्या. पर्समधून शब्दकोड्याचं पुस्तक काढलं आणि सोडवत राहिल्या. तासाभरानं दार उघडलं.

"गए नहीं?"

"नाय."

"बुढ्ढी, जिद्दी है तू."

"तुमसे दोन वर्षांनी छोटी हूं," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्या दिवशी त्या लगेच झोपल्या नाहीत. आधी शमीमबींना समोर बसवलं, त्यांचाच दंड धरला आणि अंगठ्यानं दाबला. "ये तुम्हारा जोर." शमीमबी कळवळल्या. मग बाईंनी हलकं दाबलं. "ये मेरे को होना. इससे जादा नक्को. किसने सिखाया तुमको, दुखवल्याशिवाय बरं नाही होता म्हणून?"

शमीमबी दंड चोळत राहिल्या. सासूनं शिकवलं, म्हणाल्या. सासू स्वतःचं अंग दाबून घ्यायची आणि कमी जोर पडला की ओरडायची. तेव्हापासून अंगठा असाच पडतो. आता तर अंगठ्याचा सांधा सुजतो, सकाळी चहाचा कप धरवत नाही.

"दाखवा," बाई म्हणाल्या. अंगठा खरंच सुजलेला होता. "आन् याच्यानं तुम्ही मला दाबता? दोघींचं नुकसान. अंगठा बंद. आजपासून तळहात."

"तळहात से क्या होता?"

"करून बघा. नाय झालं तर परत करू."

पुढचे तीन महिने आमचे रविवार गुलमंडीत गेले. पडद्याआडून मला नुसते आवाज ऐकू यायचे. "हां... हां... थोडं खाली... जादा झालं!" "अभी तो कुछ किए भी नहीं!" "परत करा!" चाराचे पाच झाले, पाचाचे साडेसहा. साडेसहाचे सात व्हायला तीन आठवडे लागले, कारण मधे शमीमबींचा अंगठा दोनदा सवयीनं पडला आणि बाईंनी अर्धा अर्धा मार्क कापला. शमीमबींनी त्या अर्ध्या मार्कावरून जो वाद घातला, तो ऐकून शेजारच्या बांगडीवाल्याच्या गिऱ्हाइकांनी आत डोकावून बघितलं.

हात मात्र इंचाइंचानं वर चालला होता. एका गुरुवारी सकाळी बाईंनी मला हाक मारून वर बोलावलं. पहिल्यांदाच. त्या फोटोसमोर उभ्या होत्या. उजवा हात त्यांनी सावकाश वर नेला, दातओठ खात, आणि शेवंतीचा हार खिळ्यावर अडकवला. हार जरा तिरका बसला. त्यांनी परत हात वर करून तो सरळ केला, बहुतेक मला दाखवायलाच.

"बघितलं?" त्या म्हणाल्या.

मला वाटलं, झालं, आता आपले रविवार मोकळे. पण रविवारी दहाला बाई तयार होऊन खाली उभ्या. मी स्कूटी काढली.

शमीमबींनी बाईंचा हात धरून वर नेला, मागं नेला, गोल फिरवला. कुठंही अडलं नाही. "ये तो खुल गया पूरा. अब मालिश नक्को. कायको आए?"

बाई पर्सची चेन पुढं मागं करत राहिल्या. मग खाली बघत, त्यांच्या त्या हिंदीत म्हणाल्या, "पोरगा रोज फोनवर दिसता. बोलता. सून बी बोलती. पण मिस्टर जाके नऊ वर्षं हुए, शमीमबी. तेव्हापासून मेरे को कुणाचा हात नाही लगता."

गल्लीतून एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली. नऊ वर्षांतली सहा वर्षं मी त्यांच्या खाली राहत होते.

शमीमबी उठल्या. तेलाची वाटी त्यांनी घेतली नाही. "लेटो," एवढंच म्हणाल्या. बाई पालथ्या झोपल्या. शमीमबींनी दोन्ही तळवे एकमेकांवर घासून गरम केले आणि बाईंच्या पाठीवर नुसते ठेवले. दाबले नाहीत, चोळले नाहीत. ठेवले आणि तसेच बसून राहिल्या.

मी पडदा ओढला आणि बाहेर येऊन बसले. बराच वेळ आतून 'जादा झालं' आलंच नाही.