आप्पांचं वजन आणि शेजारचा ससा

"आप्पा, वजन पुन्हा कमी झालंय," काट्याकडे वाकून बघत सूनबाई म्हणाली.

"काटा बिघडला असेल," आप्पा लगबगीने खाली उतरत म्हणाले.

"मग तुमचा पट्टाही बिघडलाय का? त्याला हे नवीन भोक कुणी पाडलं?"

आप्पांनी पट्ट्यावर हात ठेवला. जन्मभर मुख्याध्यापक म्हणून त्यांनी असल्याच प्रश्नांनी पोरांची भंबेरी उडवली होती. आता स्वतःवर पाळी आल्यावर त्यांना त्या पोरांबद्दल प्रथमच कणव वाटली.

सूनबाई आहारतज्ज्ञ होती आणि आपल्या कामात चोख होती. अन्न जसं उगवतं तसं खावं, असं ती दिवसभर दवाखान्यात लोकांना सांगायची आणि संध्याकाळी घरी येऊन तसंच शिजवायची. पीठ चाळायचं नाही, फळं सोलायची नाहीत, तांदूळ कोंड्यासकट, भाज्या अर्ध्या कच्च्या, आणि पाकिटात मिळणाऱ्या कुठल्याही वस्तूला घरात प्रवेश नाही. या शिस्तीने नवऱ्याचं पोट आत गेलं होतं आणि तिची स्वतःची डोकेदुखी पळाली होती. एकटे आप्पा मात्र त्याच ताटात जेवून वाळत चालले होते. हे तिच्या जिव्हारी लागलं होतं. "माझ्याच घरात, माझ्याच हातचं खाऊन माणूस खंगतोय," ती नवऱ्याला म्हणायची, "आणि मी जगाला शहाणपण शिकवतेय!"

खरी गोष्ट अशी होती, की आप्पा तिच्या हातचं खातच नव्हते. खाऊ शकत नव्हते. त्यांची कवळी टोचत होती.

मग कुणीही म्हणेल, सांगायचं की तसं. पण ती कवळी साधीसुधी नव्हती. ती त्यांच्या मुलाने, म्हणजे सूनबाईच्या नवऱ्याने, केली होती. मुलगा दातांचा डॉक्टर, जवळच त्याचा दवाखाना. इतर लोकांच्या कवळ्या तो बाहेरून करून घ्यायचा, पण वडिलांची त्याने सुट्टीच्या दिवशी बसून स्वतः केली. मेणात एकेक दात आपल्या हाताने लावला. शेवटी ती आप्पांच्या तोंडात बसवून त्याने आरसा समोर धरला आणि विचारलं, "कसं वाटतंय, आप्पा?"

आता या मुलाला आप्पांनी आयुष्यात कधी धड शाबासकी दिली नव्हती. त्याने चित्र काढून आणलं, तर "सावली चुकली." वर्गात दुसरा आला, तर "पहिला कोण?" डॉक्टर झाल्याचं सांगत घरी आला, तर "बरं, पुढे काय?" मुलं अशीच घडतात, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. पण त्या दिवशी कानशिलावर पांढरे केस आलेला तो माणूस आरसा धरून लहान मुलासारखा वाट बघत उभा राहिला, तेव्हा आप्पांच्या तोंडून शब्द निघून गेला, "उत्तम!"

मुलाचे डोळे भरून आले. हात स्वच्छ असूनही तो हात धुवायला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच घासाला डावीकडची कड हिरडीत अशी रुतली, की आप्पांच्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. पण इतक्या वर्षांनी दिलेला शब्द एका रात्रीत परत कसा घ्यायचा? मुलगा रोज जेवताना विचारायचा, "कवळी कशी आहे?" आप्पा रोज म्हणायचे, "उत्तम." मग मऊ असेल ते गिळायचं आणि कडक असेल ते रुमालात. रुमाल खिशात, आणि संध्याकाळच्या फेरीत खिशातलं सगळं कुंपणावरून शेजारीणबाईंच्या सशाला. ससा मोठा समजूतदार होता. त्याने कधी काही विचारलं नाही.

शेवटी घरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. बी-ट्वेल्व्ह कमी, डी कमी, अंगात प्रथिनं पुरेशी जात नाहीत. "जेवणाला थोडी जोड द्या," ते म्हणाले. डॉक्टर सहज बोलून गेले, पण बाटलीतली जोड म्हणजे सूनबाईला चारचौघांत झालेली नामुष्की वाटली. तरी आप्पांच्या गालांचे खड्डे बघून तिने मन घट्ट केलं आणि त्यांना घेऊन औषधांच्या दुकानात गेली.

तिथे तिने एकेक बाटली उचलून मागचा मजकूर वाचायला सुरुवात केली.

"यात साखर कशाला?"

"चव यावी म्हणून, बाई," दुकानदार म्हणाला.

"आणि हा केशरी रंग?"

"तो का घालतात ते मलाही ठाऊक नाही हो."

"यात तर सगळंच आहे. ज्या गोष्टी यांच्या रक्तात भरपूर आहेत, त्या पुन्हा कशाला द्यायच्या? मला हवं तेवढंच द्या."

मागे लोक खोळंबले होते. कुणीतरी घसा खाकरला. आप्पा मात्र मन लावून फळ्या निरखत होते. त्यांचा प्रश्न एकच होता, यातलं न चावता गिळता काय येईल?

सूनबाईने नेमकी चघळायची गोळी निवडली. "नीट चावून खा बरं, आप्पा," तिने घरी येताच एक हातावर ठेवली. आप्पांनी चावली. गोळी चिकट निघाली. ती दातांच्या मधे जाऊन बसली आणि वरचा जबडा खालच्याला धरून राहिला. सकाळभर आप्पा मान हलवूनच बोलत होते. सूनबाईला वाटलं, गोळीने स्वभाव शांत झाला.

मग आली प्रथिनांची पावडर. दुधात कालवायची आणि प्यायची. आप्पांनी एका दमात पेला रिकामा केला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "आणखी आहे?"

सूनबाई बघतच राहिली. या घरात तिच्या हातचं आप्पांनी कधी दुसऱ्यांदा मागून घेतलं नव्हतं.

"आप्पा, ही जोड आहे. जेवण नव्हे."

"हो, हो. पण छान आहे."

पुढच्या वेळी काट्यावर वजन किंचित वाढलेलं दिसलं आणि सूनबाईचा चेहरा आणखीच पडला. "डब्यातल्या भुकटीने वाढलं," ती नवऱ्याला म्हणाली. "माझ्या अन्नाने नाही." थोडा विचार केल्यावर तिला त्याचं कारणही सापडलं. आप्पांचं पोट पावडरीने भरतं, म्हणून खऱ्या अन्नावर वासना राहत नाही. तिने पावडर निम्मी केली आणि ताटात अक्रोड, सालीसकट सफरचंद आणि जास्तीची गाजरं वाढली. आप्पांचा खिसा फुगू लागला.

सुट्टीच्या दिवशी सकाळी शेजारीणबाई दारात आल्या. दोन्ही हातांनी त्यांनी ससा छातीशी धरला होता. तो आता उशीएवढा झाला होता.

"तुम्ही आहाराच्या डॉक्टर ना?" त्या सूनबाईला म्हणाल्या. "जनावरांचे डॉक्टर म्हणाले, हा फार सुटलाय. अहो, मी मूठभर गवत देते त्याला! तरी हा असा."

"बाहेरून काही खात असेल का?" सूनबाईने कामातल्या सवयीने विचारलं.

"कोण घालणार बाहेरून? पण कुंपणापाशी हे पडलेलं असतं बघा." त्यांनी मूठ उघडली.

मुठीत गाजराचे तुकडे होते. सालीसकट, तिरके कापलेले, वर भाजलेले तीळ. या वस्तीत गाजर असं कापणारं एकच घर होतं.

सूनबाईने गाजराकडे पाहिलं. मग आप्पांकडे पाहिलं. आप्पा छताकडे बघत होते. तिने शेजारीणबाईंना सशाबद्दल दोन गोष्टी नीट समजावून सांगितल्या, त्यांना फाटकापर्यंत सोडलं, गाजराचे तुकडे परत आणून टेबलावर ठेवले आणि खुर्चीत बसताच तिचा आवाज फुटला.

"आवडत नव्हतं तर सांगायचं होतंत, आप्पा. मी काय रागावले असते? मी आपली वेड्यासारखी तुमच्यासाठी बाटल्या वाचत बसले."

आवाज ऐकून मुलगा आतून आला. त्याने टेबलावरचं गाजर पाहिलं आणि एक तुकडा उचलून निरखला.

"उद्यापासून पांढरा पाव आणते," सूनबाई डोळे पुसत म्हणाली. "बिस्किटं आणते. तुम्ही म्हणाल ते आणते."

तिच्या तोंडून पांढरा पाव! आप्पांना एकदम कळून चुकलं, की एकाचं मन राखायला जाऊन आपण दुसरीचं रोज थोडं थोडं मोडत होतो. त्यांनी तिरीमिरीत कवळी काढून टेबलावर ठेवली आणि एक मोठं वाक्य बोलले. वाक्य मनापासून होतं, पण त्यातला एक शब्द कुणाला कळला असेल तर शपथ.

"काय?" दोघांनी विचारलं.

आप्पांनी निरुपायाने कवळी पुन्हा तोंडात बसवली. कवळीविरुद्ध तक्रार करायलाही कवळीच लागत होती.

"तुझं अन्न चांगलं आहे गं," ते म्हणाले. "ही टोचते. पहिल्या दिवसापासून."

मुलगा हळूच समोर बसला.

"पहिल्या दिवसापासून? मग रोज उत्तम, उत्तम ते काय होतं?"

"तू आरसा धरून असा उभा होतास..." आप्पांनी कवळी जिभेने सरळ केली. "एकदा तरी म्हणावंसं वाटलं मला. आणि म्हटलं ते नेमकं खोटं निघालं."

मुलाने तोंड ओंजळीत झाकलं. त्याचे खांदे हलू लागले. आप्पांना वाटलं, तो रडतोय. जन्मभर दुखवलं ते दुखवलंच, आणि आज हे! पण ओंजळ बाजूला झाली तेव्हा मुलगा हसत होता. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"आप्पा, मी किती घाबरलो होतो सांगू? तुम्ही रोज स्तुती करायला लागलात. साधी खोट काढत नव्हतात. मला वाटलं, गेलं, आप्पांच्या डोक्यावर परिणाम झाला. उद्याची मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवलीय मी!"

"मला बोलला नाहीस ते!" सूनबाई म्हणाली.

"तू लगेच कसल्यातरी बिया भिजत घातल्या असत्यास."

त्याच दुपारी बंद दवाखाना उघडून मुलाने वडिलांना खुर्चीत बसवलं. सूनबाईही आली. तिने येताना ठरवून टाकलं होतं, डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या तेवढ्या राहतील, त्याही चघळायच्या नव्हे, गिळायच्या. बाकीचं आप्पांच्या पोटात आधी जेवण जाऊ लागल्यावर बघू. मुलगा कवळीची कड घासू लागला आणि इतक्या दिवसांचं तुंबलेलं आप्पांच्या तोंडून बाहेर पडू लागलं. डावी कड जाड आहे. पुढचे दात नको तितके पांढरे आहेत, तरुणपणीही त्यांचे एवढे नव्हते. ही खुर्ची बुटकी आहे. भिंतीवरची चौकट वाकडी आहे. मुलगा मान डोलावत, मधूनच गुणगुणत काम करत होता. टोमण्यांनी खुलणारा माणूस आप्पा प्रथमच बघत होते, आणि तो त्यांचाच मुलगा होता.

कवळी बसली. सूनबाईने पिशवीतून सफरचंद काढून पुढे केलं. आप्पांनी ते बिचकतच दाढेखाली धरलं. कर्रकन आवाज झाला. त्यांनी चावलं, गिळलं आणि आणखी एक मोठा तुकडा तोडला.

"कसं वाटतंय?" मुलाने विचारलं.

आप्पांनी घास संपेपर्यंत विचार केला. "ठीक आहे. उजवीकडे अजून जरा घासायला हवी."

मुलाने समाधानाने फोन उचलला. "हॅलो, उद्याची आमची वेळ रद्द करायची होती. हो, वडिलांसाठीचीच. ते अगदी बरे आहेत."

"हात मात्र हलका आहे रे तुझा," पाठीमागून आप्पा म्हणाले. "माझ्याने असं बारीक काम झालं नसतं. हे मी मनापासून सांगतोय."

मुलाने बाहीने डोळे पुसले, फोनच्या तोंडावर हात ठेवला आणि बायकोला हळूच विचारलं, "रद्द करू की राहू दे?"