निवळगडाचं माहेरपण

यंदा निवळगड आमच्या घरी माहेरपणाला येणार असं ठरलं आणि माझी झोप उडाली. काळजी गडाची नव्हती. तुळशीचं लग्न झालं की तो दरवर्षी डोंगरावरून उतरतो, गावातल्या एका घरी मुक्काम करतो आणि परत जातो. काळजी होती माझ्या मुलीची. ती तीन वर्षांची आहे, आणि सध्या कुठल्याही भांड्यात डोकावून "संपलं" म्हणते.

लग्न होऊन या गावात आले तेव्हा मी सासूबाईंना विचारलं होतं, गडाला माहेर कसं असेल? मी इतिहासात एम.ए. केलंय, त्यामुळे मला अशा शंका येतात. त्या म्हणाल्या, "अगं, दगड सगळा आपल्या गावच्या खाणीतला. जन्मला इथं, नांदतोय वर. मग माहेर कुठलं?"

गडाला स्वतःचा इतिहास आठवत नाही. कुणी बांधला, कुणी जिंकला, कुणी सुरुंग लावला, हे प्रत्येक राज्याने त्याला वेगवेगळं सांगितलं. शेवटी त्याने विश्वास ठेवणंच सोडलं. आता तो ज्या घरी उतरतो तिथलं सगळ्यात लहान माणूस म्हणेल तेवढंच खरं धरतो, आणि तसा होतो. गायकरांचा नातू म्हणाला होता, "याला दारच नाही." सकाळी महादरवाजा नव्हता. पडला असता तर चिरे तरी दिसले असते. गायकरांच्या साखरपुड्याच्या फोटोतही जिथे दरवाजा होता तिथे आता नुसतं आभाळ आहे. त्याआधी साळव्यांची मुलगी म्हणाली होती, "याच्यात हत्ती आहे." वारं पश्चिमेचं असलं की अजून वास येतो.

आणि आमच्या गावाचं पाणी गडावरच्या टाक्यातून येतं. सगळ्या गावाचं. दुसरी सोय नाही.

ग्रामसेवक पाखरे आधीच येऊन बसले.

"घरात सगळ्यात लहान कोण?"

"शाल्मली. शमी म्हणतो आम्ही."

"बोलते?"

"हो."

"फार?"

"हो."

त्यांनी कप खाली ठेवला. "वहिनी, तुम्ही शिकलेल्या आहात. पाण्यावरून विषय वळवता येईल ना?"

मी हो म्हटलं. जेवताना मला तिला भेंडीकडेही वळवता येत नाही. "तेवढ्यापुरती तिला माझ्या आईकडे पाठवली तर?"

"मग घरात सगळ्यात लहान तुम्ही. गड तुमचं धरेल."

गड बघून माझ्या मनात पहिल्यांदा काय येतं, याचा मी विचार केला. कडा कोसळेल, बुरूज ढासळेल, कुणीतरी तटावरून पडेल. "नको," मी म्हटलं, "शमीच बरी."

मग मी तिला "गड छान आहे" एवढं एकच वाक्य शिकवायला घेतलं. ते तिने फ्रिजला म्हटलं, दूधवाल्याला म्हटलं. एकदा सासूबाईंनाही म्हटलं. त्यांना आवडलं असावं.

गड आला तो उन्हं कलताना. आधी चुन्याचा ओला वास आला, मग पाकोळ्यांचा थवा पागोळीखालून आत घुसला, मग सावली. सासूबाई भाकरतुकडा घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. सगळ्या गडावरून ओवाळणं शक्य नव्हतं. त्यांनी पहिल्या बुरुजावरून ओवाळून टाकला आणि बाकीचा त्यात आला असं धरलं. त्याच्या पायऱ्यांवर पाणी घातलं. "ये रे बाळा. दमलास?"

"थोडा," गड म्हणाला. घागरीत तोंड घालून बोलावं तसा आवाज.

तो आत आला तेव्हा बाहेरच्या खोलीची भिंत मागे सरकली आणि सरकतच राहिली. आमच्या सोफ्यामागे तट सुरू झाला. टीव्हीच्या वर, फार वर, माची होती आणि तिच्यावर गवत हलत होतं. मी गडावर दहा वेळा तरी गेले असेन, प्रत्येक वेळी पाय दुखलेत एवढंच आठवतं. तो समोर बसल्यावर मला पहिल्यांदा दिसलं की प्रत्येक चिऱ्यावर छिन्नीच्या खुणा आहेत. म्हणजे प्रत्येक दगडाला कुणीतरी हातात घेऊन बघितलं होतं. मी एका चिऱ्यावर तळवा ठेवला. माझे यजमान सुदामराव हातात तांब्या घेऊन तसेच उभे राहिले.

सासूबाईंनी चुना, गूळ आणि हिरड्याचे लाडू पुढे केले. गडाने ते फटींत भरून घेतले. मग माहेरवाशिणी दागिने दाखवतात तसं त्याने शमीला आपलं टाकं उघडून दाखवलं.

दारातून पाखरे पुटपुटले, "वहिनी, वळवा."

मी धावले, पण ती काठाशी पोचली होती आणि वाकली होती. काळंशार, निवांत पाणी. मी तिचा फ्रॉक मागून घट्ट धरला आणि तिच्याबरोबर वाकले. बाहेर निम्मं गाव उभं होतं.

शमीने पाण्यात बराच वेळ पाहिलं.

"ही शमी," ती म्हणाली. "ही आई."

पाणी हललं नाही. मी श्वास सोडला. तिने मान वर केली आणि तटाकडे, माचीकडे, पार वरपर्यंत पाहिलं.

"तुझी आई कुठंय?"

हे गडाला आजवर कुणी विचारलं नव्हतं. सनावळ्या विचारल्या होत्या, मीसुद्धा.

"खाण होती," गड म्हणाला. "बुजवली. तिच्यावर तुमची घरं आहेत."

टाक्यातलं पाणी, मला स्पष्ट दिसलं, बोटभर खाली गेलं. पाखऱ्यांनी डोळे मिटले. मी शमीच्या कानात "गड छान आहे, गड छान आहे" म्हणत राहिले. तिने माझं तोंड हाताने बाजूला केलं.

"मग माझी घे," ती गडाला म्हणाली. "ती रात्री जागीच असते."