सनरूफमधली डॉक्टरीणबाई

ज्या बाईनं वीस वर्षं लोकांच्या तोंडात हात घालून अक्कलदाढा उपटल्या, तिला मोटारीच्या छपराचं काय भय! रविवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवता ठेवता डॉक्टरीणबाईंनी जाहीरच करून टाकलं, “सनरूफ मी दुरुस्त करते!”

गाडी सासूबाईंची. निवृत्त मुख्याध्यापिका. साठी उलटल्यावर गाडी शिकल्या, आणि छप्पर उघडतं म्हणूनच ही गाडी घेतली. पण दोन दिवस झाले, बटण कितीही दाबा, काच ढिम्म! आणि इकडे संध्याकाळी तीन मैत्रिणींना “उघड्या आभाळाखाली फिरवते” असं त्या ठणकावून सांगून बसलेल्या. गॅरेजवाला फोनवर म्हणाला होता, “गाडी दोन दिवस ठेवून जा.”

“दोन दिवस?” डॉक्टरीणबाई उसळल्या. “अहो आई, दोन बोटंसुद्धा न उघडणाऱ्या तोंडात मी काम करते. हे तर एवढं ऐसपैस छप्पर!”

नवरा सलूनला निघाला होता. तो चपला घालता घालता म्हणाला, “अगं, पण आधी गॅरेजवाल्याला एकदा...”

“तू दाढी करून ये. तोवर छप्पर उघडं!”

बाईंनी दवाखान्यातून हत्यारं आणली. छोटा आरसा, आकडी, कापूस, चिमटा. सीटवर आडव्या होऊन त्यांनी काचेच्या कडेची फट अशी काही साफ केली, की एखाद्या पेशंटनं घरी जाऊन बायकोला दात दाखवले असते! बटण दाबलं. ढिम्म!

मग त्यांनी आतल्या दिव्याचं झाकण काढलं. आत सहाकोनी भोक!

“आई, सापडलं! मोटर बंद पडली की इथं चावी घालून हातानं फिरवायचं!”

कपाट जोडायची सहाकोनी चावी घरात होतीच. ती नेमकी बसली. फिरवली, आणि काच करकरत मागं सरकली! सासूबाईंनी टाळ्या पिटल्या. बाईंना तर आपण चंद्रावर यान उतरवल्यासारखं वाटलं.

“आता मी वर उभी राहून बघते, काच सरळ सरकते की नाही ते. तुम्ही चावी उलटी फिरवा. हळूच हं!”

बाई सीटवर चढल्या आणि कमरेपर्यंत छपराबाहेर आल्या. सासूबाई चालकाच्या सीटवर बसून चावी फिरवू लागल्या. काच आली, आली, पोटाला टेकली.

“बस!” बाई वरून ओरडल्या.

“बसलेच आहे!”

“अहो, बस! बस!”

“अगं, आणखी किती बसू? हे बघ, टेकून बसले!” असं म्हणत सासूबाईंनी चावीला आणखी दोन फेरे दिले. वरून “आई गं!” अशी किंकाळी आली. ती ऐकून सासूबाई दचकल्या, हातातली चावी सुटली आणि सीटखाली कुठंतरी गडप झाली.

झालं! वरून खाली वाकता येईना, खालून वर खेचता येईना. सासूबाईंचे गुडघे काही सीटखाली जाऊ देईनात. नवऱ्याला फोन लावावा, तर त्याचा मोबाईल घरातच वाजतोय!

“घाबरू नकोस,” सासूबाई मुख्याध्यापिकेच्या आवाजात म्हणाल्या. “गॅरेज दुसऱ्या वळणावर आहे. मी नेते.”

“अशी?”

“मग काय, तुला कापून नेऊ?”

गाडी निघाली. मुंगीच्या वेगानं, पण हॉर्न वाजवत! छपरातून अर्ध्या डॉक्टरीणबाई, हातात दातांचा आरसा. फुटपाथवरचे लोक थांबले. एकानं हात हलवला. आता काय करणार? बाईंनीही हलवला. मग काय, दोन्ही बाजूंनी हातच हात!

“निवडून आल्या वाटतं!” कुणीतरी म्हणालं.

चौकात गाडी थांबली तर बाजूला स्कूटरवर त्यांचे जुने पेशंट. “डॉक्टर! बरं झालं भेटलात! ही मागची दाढ...” आणि त्यांनी भर रस्त्यात आ वासला. बाईंनी सवयीनं वरूनच डोकावून पाहिलं. “कीड आहे. उद्या या!”

पुढच्याच वळणाला सलून. खुर्चीत बसलेल्या नवऱ्यानं आरशात पाहिलं, तर मागून गाडी चाललेली आणि गाडीतून बायको उगवलेली! तो एका गालाला फेस घेऊन तसाच धावत सुटला. “अगं, हे काय!”

“दुरुस्ती चालू आहे!” बाई ओरडल्या.

गाडी गॅरेजसमोर येऊन थांबली. गॅरेजवाल्यानं चावी आणली, चार फेरे दिले आणि बाईंना मोकळं केलं. मग स्टिअरिंगखालचं झाकण उघडून नखाएवढा फ्यूज काढला, तिथं दुसरा बसवला आणि बटण दाबलं. काच सर्रकन मागं!

“फ्यूज उडाला होता,” तो म्हणाला. “बाकी सगळं ठीक होतं.”

बाईंना धरणी दुभंगावी असं झालं. तेवढ्यात त्यांचं लक्ष गॅरेजवाल्याच्या गालाकडं गेलं. गाल टम्म सुजलेला!

“हे काय केलंत?”

“दाढ ठणकत होती. तुमचा दवाखाना बंद. म्हटलं, आपल्याकडं पकड आहेच, ओढून बघू...”

बाईंचा पारा चढला. “पकडीनं? स्वतःची दाढ? अहो, ज्याला ज्यातलं कळत नाही त्यानं त्यात हात घालू नये, एवढी साधी...”

वाक्य तिथंच अडकलं. नवरा फार मन लावून गालावरचा फेस पुसू लागला. सासूबाई उघड्या छपरातून आभाळ न्याहाळू लागल्या.

डॉक्टरीणबाईंनी घसा खाकरला आणि त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “आ करा.”