चेहऱ्याला रंगाचे तीन हात

कुठलीही भिंत माझ्यासमोर आणा, तिचा रंग मी तंतोतंत जुळवून देते. भिंत आणणं जमत नसेल तर तिचा नखाएवढा पोपडा आणा, मला तेवढाही पुरतो. रंगाच्या दुकानात मागच्या खोलीत रंग मिसळायचं मशीन आहे, त्यावर मी असते. गिऱ्हाईक नुसतं ‘क्रीम कलर’ म्हणालं, तरी त्याच्या मनात नेमकं कुठलं क्रीम आहे ते मला त्याच्या शर्टावरून कळतं. ही फुशारकी नाही. म्हणजे आहेच, पण खरी आहे.

तर अशा बाईला स्वतःच्या चेहऱ्याचा रंग जुळवता येऊ नये? चेहरा म्हणजे तरी काय, जरा गोलाईची भिंत!

चेहऱ्याकडे वळायचं कारण होतं पुढचं टेबल. आमच्या दुकानात काचेच्या दरवाजाजवळ एक टेबल आहे. तिथे बसणारी बाई गिऱ्हाइकांना शेडकार्ड दाखवते, कुठल्या खोलीला काय शोभेल ते सांगते आणि लोक तिचं ऐकतात. मागच्या खोलीत माझं कुणी ऐकत नाही, कारण मशीन सुरू असताना मलाच माझं ऐकू येत नाही. पुढच्या टेबलावरची मुलगी नोकरी सोडून गेली आणि माझी झोप उडाली. मला ते टेबल हवं होतं. इतकं हवं होतं, की दुपारी डबा खायच्या सुट्टीत मी गुपचूप त्या खुर्चीत बसून पाहिलं होतं.

शनिवारी मालक मागच्या खोलीत आले. एका पाळणाघराच्या भिंतीचा रंग सुटतोय, तिथल्या बाई फार चिडल्या आहेत, सोमवारी तुम्ही माझ्याबरोबर चला, असं म्हणाले. बोलणं जमलं तर टेबलाचं बघू, असंही म्हणाले. आणि जाता जाता माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाले, “ताई, पुढे बसायचं तर जरा फ्रेश दिसावं लागतं.”

नवऱ्याचं म्हणणं पडलं की मालक माझ्या ॲप्रनबद्दल बोलले असणार. त्या ॲप्रनचा मूळ रंग कुठला होता हे आता मलाही सांगता येत नाही, हे खरं. पण माझ्या डोक्यात एकदा किडा वळवळला की वळवळला. ॲप्रन धुण्यात कसलं आलंय कौशल्य? मी सरळ नणंदेच्या खोलीत गेले आणि तिचा मेकअपचा खण उघडला.

माझी नणंद रोज सकाळी चहा उकळेपर्यंत तयार होऊन बाहेर पडते आणि काहीच न लावल्यासारखी छान दिसते. तिच्या खणात बाटल्या, ट्यूब, डब्या, ब्रश, स्पंज असं काय काय खच्चून भरलेलं होतं. वहिनीला अखेर सुबुद्धी सुचली म्हणून ती खूश झाली, आणि काय कशावर लावायचं ते मला समजावून सांगायला लागली. रोजच्या लूकला कमीत कमी लावायचं, आणि दोन वस्तू एकत्र लावायच्या तर त्यांचं एकमेकींशी जमतं का ते आधी हातावर बघायचं, एवढं मला ऐकू आलं. पुढचं मी ऐकलं नाही. रंग हा माझा धंदा आहे, मला शिकवू नकोस, असं तिला सांगितलं. एकच हात पुरे म्हणणारी गिऱ्हाइकं किती आली आणि किती परत आली, ते मी रोज बघते.

तिच्याकडे फाउंडेशनच्या दोन बाटल्या होत्या. एक माझ्यापेक्षा गोरी, दुसरी माझ्यापेक्षा सावळी. अशा वेळी माझ्यासारखी बाई काय करणार? मी स्वयंपाकघरातून वाटी आणि चमचा आणला.

दोन्हींचं मिश्रण बाथरूमच्या दिव्याखाली असं काही जुळलं, की गालावर बोट ठेवलेलं कुठे आणि न ठेवलेलं कुठे ते मलाच सापडेना. मी विजयी मुद्रेने गॅलरीत आले. तिथल्या उजेडात नवऱ्याने मला पाहिलं आणि मळमळतंय का असं काळजीने विचारलं. आरशात बघितलं तर चेहऱ्यावर राखाडी हिरवट झाक होती. हिरवटपणा मारायला लाल लागतो, हे मला झोपेतही माहीत आहे. म्हणून वाटीत थोडी लिपस्टिक खरवडली. ती जास्त झाली. मग गोरी बाटली आणखी ओतली. मग सावळी. मग पिवळटपणा कमी पडला म्हणून कन्सीलर.

रंग बिघडवला आणि दुरुस्त करायला बसलं की तो वाढत जातो, हे मशीनवर बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. डबाभर करायला घ्यावा आणि बादलीभर व्हावा! वाटीचा वाडगा झाला. रविवार असा सगळा गॅलरी आणि बाथरूम यांच्यामध्ये येरझाऱ्या घालण्यात गेला. धड जेवण गेलं नाही. नवरा टीव्ही बघायला बसला की मी त्याच्यापुढे जाऊन गाल धरायची आणि तो न बघताच “मस्त” म्हणायचा, म्हणून मी परत जाऊन आणखी थेंब टाकायची. संध्याकाळी एकदाचा माझा रंग माझ्याशी जुळला. गॅलरीतल्या, खिडकीतल्या, दिव्याच्या, सगळ्या उजेडात जुळला. मुरंब्याची एक अख्खी बरणी भरली. नणंदेच्या दोन्ही बाटल्या रिकाम्या होत्या.

ती बरणीकडे बघत राहिली. मग शांतपणे म्हणाली, “वहिनी, चेहरा रंगवायचा होता ना? की घर?”

सोमवारी सकाळी मी कामाला लागले. थिनरच्या वासात राहून माझी त्वचा कोरडी झाली आहे, म्हणून आधी घट्ट तेलकट क्रीम चोपडलं. त्यावर नणंदेचा प्रायमर, तो इतका गुळगुळीत की बोट घसरत होतं. त्यावर बरणीतला पहिला हात. पहिला हात सुकू द्यायचा असतो, पण मला धीर कुठला! खिडकीशी गेले, परत आले, पंख्याखाली उभी राहिले, आणि अर्धवट सुकलेल्यावर दुसरा हात मारला. त्यावर पावडर. पावडर जास्त वाटली म्हणून पाण्याचा फवारा. फवाऱ्याने ओघळ आले म्हणून तिसरा हात.

दिसत मात्र होते छान. हे मी नाही, नवरा म्हणाला, आणि या वेळी तो बघून म्हणाला. मला इतका आनंद झाला की मी त्याच्याकडे बघून हसले, आणि नाकाच्या बाजूला काहीतरी चुरचुरल्यासारखं झालं. मी दुर्लक्ष केलं.

मालकांच्या गाडीत बसल्यावर दुर्लक्ष करता येईना. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी हनुवटीला जरा बोट लावलं, तर बोटाखाली एक बारीकशी वळी आली. खोडरबराने खोडल्यावर कागदावर येते तशी. ती काढायला गेले तर शेजारी दुसरी आली. शहाण्या बाईने तिथे हात मांडीखाली घालून बसावं. मी पर्समधून पावडर काढली. पावडर थापली की वळ्या लपायच्या, हात बाजूला केला की नव्या यायच्या. मी आरसा बघायची, मिटायची, पुन्हा उघडायची. मालकांना वाटलं मला बोलायचं दडपण आलंय, म्हणून ते मला दीर्घ श्वास घ्या म्हणाले. मग त्यांनी स्वतःच्या काळ्या पँटवरून काहीतरी झटकलं, गाडीच्या छताकडे बघितलं आणि गाडीला अस्तर बदलायची वेळ आली वाटतं, असं पुटपुटले.

पाळणाघराच्या बाई दारातच उभ्या होत्या. उंच, करारी, आणि एका हाताने रडतं मूल थोपटत दुसऱ्या हाताने आम्हाला भिंत दाखवणाऱ्या. भिंत पिवळी होती, तो पिवळा मीच मिसळला होता, आणि तो भिंतीवरून चपातीएवढे पापुद्रे सोडत होता. मुलांनी तो उद्योगच करून ठेवला होता. झोपायच्या वेळी सगळी भिंतीकडे तोंड करून पडतात आणि सोलत बसतात, असं त्या सांगत होत्या. तोंडात घातलं तर जबाबदार कोण? आईबाप विचारायला लागले आहेत. आणि यात चूक एकच असू शकते, तुमच्या मशीनवर रंग नीट मिसळला गेला नाही.

मी मालकांकडे बघितलं. मालक मान डोलवत होते. गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून मालक कशालाही मान डोलवतात, पण या वेळी त्या मानेबरोबर माझं टेबल हलत होतं.

“होऊ शकतं,” मालक म्हणाले. “मशीनवर माणूसच असतो. कधी कधी चूक…”

“चूक झालेली नाही,” मी म्हटलं. आवाज मला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. मला राग आला होता. माझ्या पिवळ्याला नावं ठेवलेली मी ऐकून घेणार नव्हते. मी बाईंना सांगितलं की खाली जुना ऑइल पेंट असणार, गुळगुळीत, चकचकीत. रंगाऱ्याने तो न घासता त्यावर हा पाण्याचा रंग मारला असणार. तेलकट गुळगुळीत पाठीवर पाण्याचा रंग धरत नाही. दिसायला छान दिसतो, मग सुटतो.

बाईंनी कडेवरचं मूल खाली ठेवलं आणि हाताची घडी घातली. रंगाऱ्याने सगळं नीट केलंय, मला तेल आणि पाणी सांगू नका, असं म्हणाल्या. दुकानदार नेहमी रंगाऱ्यावर ढकलतात, असंही म्हणाल्या. मालकांनी मला डोळ्यांनी गप्प बसायची खूण केली. मी मुकाट्याने तिथल्या बुटक्या खुर्चीवर बसले, आणि बसल्याबसल्या गाल चाचपायला लागले.

तेवढ्यात एक चिमुरडी माझ्या मांडीवर चढली. हीच म्हणे भिंत सोलणाऱ्यांची म्होरकी. तिने माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं, अगदी जाणकार नजरेने. मग चिमटीत माझ्या गालावरची एक वळी धरली आणि ओढली.

वळी आली. वळीमागून पापुद्रा आला. कानापासून हनुवटीपर्यंत, न तुटता!

चिमुरडीने तो उजेडात धरला आणि आनंदाने ओरडली. बाकीची मुलं धावत आली. कोणी कपाळ धरलं, कोणी दुसरा गाल. मालकांचा चेहरा पडला. आता मात्र मला रडू येणार असं वाटलं, कारण टेबल गेलंच होतं आणि वर असा तमाशा.

पाळणाघराच्या बाई जवळ आल्या. त्यांनी मुलांना बाजूला केलं, खाली वाकल्या आणि माझ्या गालाकडे बघितलं. मग भिंतीकडे. मग पुन्हा गालाकडे.

“हे असं कशाने झालं?” त्यांनी विचारलं.

लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. “खाली तेलकट क्रीम लावलंय,” मी म्हटलं. “त्यावर गुळगुळीत प्रायमर. आणि त्यावर पाण्याचा रंग. तीन हात.”

“सुकू न देता?”

“सुकू न देता.”

 त्यांनी कमरेची किल्ली काढली, भिंतीशी गेल्या आणि एक पापुद्रा सोलून खालची भिंत खरवडली. खाली हिरवा ऑइल पेंट होता, आरशासारखा. त्यांनी त्यावर बोट फिरवलं. मग माझ्या गालावर बोट फिरवलं. मग फोन काढून रंगाऱ्याला लावला, आणि तो बिचारा पलीकडून काय म्हणत होता ते आम्हाला ऐकू आलं नाही, कारण त्याला काही म्हणूच दिलं जात नव्हतं. फोन ठेवून त्यांनी मला ओला टॉवेल आणून दिला. पूर्ण भिंत घासून पुन्हा रंगवायची, रंग तुमच्याच दुकानातून येईल आणि मिसळायला याच ताई हव्यात, असं त्यांनी मालकांना बजावलं.

परतताना मालक गाडी चालवत होते. मी धुतलेल्या चेहऱ्याने खिडकीबाहेर बघत होते आणि पायाने नुसता ताल धरला होता. विचारावं की नको? विचारलं आणि नाही म्हणाले तर?

“पुढचं टेबल तुमचं,” मालक म्हणाले.

मला गाडीतच नाचावंसं वाटलं. आभार मानायला मी तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. त्यांचं बोलणं संपलेलं नव्हतं.

“शुक्रवारी एका शाळेची तक्रार आहे. तिथेही रंग सुटतोय. तुम्ही चला.” ते जरा अडखळले, मग कामाच्या सुरात म्हणाले, “हेच लावून या. फक्त घरून नका लावू, तिथे पोचल्यावर गाडीत लावा. आज निम्मं माझ्या सीटवर गेलं.”

मी हो म्हटलं. आता मी काचेच्या दरवाजाजवळ बसते, पाठ टेकता येईल अशा खुर्चीत, आणि लोक माझं ऐकतात. एरवी चेहऱ्याला काहीही लावत नाही. मुरंब्याची ती बरणी मात्र मालकांनी जपून ठेवायला सांगितली आहे. ती आता दुकानात नमुन्यांच्या कपाटात आहे, आणि मालकांनी तिच्यावर चिकटपट्टी लावून लिहिलंय, ‘फक्त ताईंच्या चेहऱ्यासाठी’.