डावीकडचं पान

सकाळी अकराला सुरू झालेली युनियनची सभा दुपारी एकच्या सुमाराला, अध्यक्षांनी कुठे बसायचं, या मुद्द्यापर्यंत येऊन पोचली होती. युनियनमध्ये श्रीपतदादा अध्यक्ष आणि गोमाजी खजिनदार. पण सभा सोमजाईच्या देवळात भरलेली, आणि देवळात गोमाजीच्या घराचा मान वरचा. त्यामुळे खजिनदार खांबाला टेकून ऐसपैस बसला होता आणि अध्यक्ष उंबऱ्याशी, चपलांच्या शेजारी.

"असू दे, असू दे," श्रीपतदादा म्हणाले. त्यांच्या 'असू दे'चा अर्थ 'बघून घेईन' असा होतो, हे चिटणीस राजेंद्रला पुरतं ठाऊक होतं. त्याने निमूट पेनचं टोपण काढलं.

चिंचखोल हे पोलादपूर तालुक्यातलं, कशेडी घाटाच्या अलीकडचं गाव. तीस वर्षांपूर्वी श्रीपतदादा मुंबईच्या विमानतळावर सामान चढवायला लागले आणि मग त्यांनी एकेक करून सगळं गावच चढवलं. आज 'नभयात्रा' विमान कंपनीच्या लोडर लोकांत चिंचखोलचे बावीस जण होते. युनियनची कमिटी झाडून सगळी याच गावची, आणि बावीसच्या बावीस जण शिमग्याच्या रजेवर आलेले. कंपनीने नेमका हाच आठवडा धरून पत्र पाठवलं. कंपनीला बाकी काही कळो न कळो, शिमगा बरोबर कळतो.

पत्रात लिहिलं होतं की कंपनीची पुनर्रचना होत आहे. पुनर्रचना म्हणजे विमानं तेवढीच, साहेब दुप्पट आणि हमाल निम्मे. सगळ्या लोडरांनी नव्या करारावर ठेकेदाराकडे जायचं. पंचेचाळीसच्या वरच्यांचा 'विचार केला जाईल'. आणि आज संध्याकाळी पाचपर्यंत युनियनचं उत्तर आलं नाही, तर नवा करार मान्य आहे असं समजण्यात येईल.

राजेंद्र अठ्ठेचाळीसचा होता. 'विचार केला जाईल' म्हणजे काय, ते त्याला चांगलंच कळत होतं. पोरीच्या स्थळाकडून असंच कळवतात.

"मागणी पयली," श्रीपतदादांनी उंबऱ्यावरूनच सुरुवात केली. "लिव. ठेकेदाराकडं आमी जाणार नाय."

राजेंद्र लिहिणार तोच गोमाजी म्हणाला, "'जाणार नाय' कसं? साहेबाला वाटंल धमकी देतात."

"मग काय लिवू?"

"'जायाची इच्छा नाय' असं लिव."

"इच्छा कुनी इचारली तुमची?" मागून भागोजी म्हणाला. "त्यापरीस 'जाणं अवघड वाटतं' लिव."

कोपऱ्यात बनुबाई नैवेद्याचे तांदूळ निवडत बसली होती. ती राजेंद्रची चुलती. सभेत बायकांनी बोलायचं नसतं, त्यामुळे ती सुपाशी बोलली.

"सकाळी हैबतीवर कशे वाघावानी गुरगुरलात. आता आवाज कुठं ठेवून आलाव रे?"

सकाळची गोष्ट खरी होती. हैबती म्हणजे गावात राहणाऱ्यांच्या मंडळाचा प्रमुख. यंदा गावात खांदेकरी नाहीत, म्हणून पालखी घरोघर न नेता तीनच चौकांत थांबवायची आणि उचलायला शेजारच्या गावचे गडी मजुरीने आणायचे, अशी नवी व्यवस्था त्याने मांडली होती. त्यावर हे बावीस मुंबईकर एका वेळी उभे राहिले आणि पंधरा मिनिटांत गावकीच्या वहीत मागण्या लिहून, खाली सह्या ठोकून मोकळे झाले; निकाल हैबती संध्याकाळी पाचला देणार होता. पालखी प्रत्येक दारात थांबलीच पाहिजे. कुणालाही गाळून पुढे जाता येणार नाही. बाहेरचा खांदा चालणार नाही. वयाने मोठ्याचा मान पहिला. जेवायला सगळे एका पंगतीत. एका शब्दावर वाद नाही की कुणाला खोकला नाही.

"काकी, हैबती आपला हाय," श्रीपतदादांनी समजावलं. "कंपनी परकी हाय."

"म्हंजे आपल्यावर भुंकायचं न् परक्याफुडं शेपूट हलवायचं. बरं बरं." आणि बनुबाईने एक खडा नेम धरून बाहेर टाकला.

ठरावासाठी राजेंद्रने मुंबईहून युनियनचं छापील पॅड आणलं होतं. पण श्रीपतदादांनी ते उडवून लावलं. "कागदावरचं मानूस इसरतो. गावकीच्या वहीत लिव. अंगारा लावून लिवलेलं कुणाच्या बापाला फिरवता येत नाय." म्हणून सकाळच्या मागण्या डाव्या पानावर होत्या, तर उजव्या पानावर कंपनीला द्यायचं उत्तर उतरू लागलं.

उतरू लागलं म्हणजे खाली खालीच उतरू लागलं. 'जाणार नाही'चं 'अवघड वाटतं' झालं, 'अवघड'चं 'थोडं अवघड' झालं. मग कुणीतरी म्हणालं, थोडंच अवघड असेल तर कळवायचं कशाला? ते खोडलं. पंचेचाळीसच्या वरच्यांना काढू नये, ही मागणी आली तेव्हा तिशीतल्या पोरांनी एकदम छताकडे पाहिलं. तीही मऊ करण्यात आली. शेवटी श्रीपतदादांना 'मागण्या' हे वर घातलेलं नावच उद्धट वाटू लागलं. तिथे 'विनंती' आली.

साडेचार वाजता राजेंद्रने वाचून दाखवलं. "माननीय महोदय, नवी व्यवस्था आम्हाला मान्य आहे. तरी जमल्यास जुन्या माणसांचा सहानुभूतीने विचार व्हावा. न जमल्यास राग नाही."

'न जमल्यास राग नाही' हे गोमाजीचं. त्यावर तो स्वतःच खूश होता.

त्या जुन्या माणसांत राजेंद्रही होता. पण चिटणीसाचं काम लिहिण्याचं, बोलण्याचं नाही. त्याने आपल्याच सुवाच्य अक्षरात स्वतःला घरी बसवलं आणि पहिली सही केली. बावीस सह्या झाल्या. अंगारा लागला.

मोबाइलला रेंज फक्त देवळामागच्या जांभळीखाली. तिथे रितेश दुपारपासून फोन घेऊन उभा होता. तो काउंटरवर बोर्डिंग पास देणारा, इंग्रजी येणारा. बाकीचे भाषणं करत असताना याने जागा अडवून ठेवायची, असं ठरलेलं. राजेंद्र वही घेऊन धावत आला तेव्हा पाचला आठ मिनिटं कमी होती.

"काका, पेज कुठलं?"

"मागण्यांचं. सह्या हायत बघ खाली," राजेंद्र धापा टाकत म्हणाला. तेवढ्यात देवळातून त्याच्या नावाने हाका सुरू झाल्या आणि तो तसाच मागे वळला.

रितेशने वही उघडली. डाव्या पानावर ठसठशीत 'मागण्या', खाली बावीस सह्या. उजव्या पानावर 'विनंती'. त्याने बरोबर मागण्यांच्या पानाचा फोटो काढला, कंपनीला पाठवला आणि वही आणून देवीपुढे ठेवली.

पाच वाजता हैबतीने पालखीचा निकाल द्यायला वही हातात घेतली. गावकीची रीत अशी की शेवटचं लिहिलेलं पान मोठ्याने वाचायचं. त्याने चष्मा लावला.

"माननीय म्होदय, नवी व्यवस्था आमाला मान्य हाय." हैबती थांबला. त्याने पुन्हा एकदा मनात वाचलं. त्याचा आवाज भरून आला. "न जमल्यास राग नाय! अरे, मुंबईकरांच्या तोंडून असं ऐकायला मी साठ वरसं वाट बघितली रे!"

"ते नाय! ते कंपनीचं हाय!" एकदम बावीस जण ओरडले. "आमचं डावीकडं हाय!"

"डावीकडं मागण्या, उजवीकडं माघार. शेवटचं लिवलेलं खरं. कंपनीचं होतं तर गावच्या वहीत कशाला लिवलंव?"

सगळ्यांनी श्रीपतदादांकडे पाहिलं. श्रीपतदादा आपली चप्पल शोधू लागले.

तेवढ्यात 'मागण्यांचं पान' हे आपलेच शब्द राजेंद्रला आठवले. तो रितेशपाशी गेला. "तू कुठलं पान धाडलंस रे?"

"तुम्ही बोललात तेच. मागण्यांचं."

"पालखीचं?"

रितेशने फोटो उघडला आणि त्याचा चेहरा पिठासारखा झाला. "काका, मला वाटलं पालखी म्हणजे आपली ट्रॉली."

पुन्हा पाठवायला दोघं जांभळीखाली धावले, तर तिथे अख्खं गाव मुंबईच्या नातेवाइकांना पालखी थेट दाखवत होतं. रेंज त्यांनी वाटून खाल्ली होती. पाच वाजून गेले. विनंतीसुद्धा पोचली नव्हती.

पालखी निघाली. नव्या व्यवस्थेप्रमाणे शेजारगावचे मजुरीचे गडी खांद्याला, आणि उभा जन्म दुसऱ्यांचं सामान उचलणारे बावीस जण रिकाम्या खांद्याने मागे. राजेंद्रच्या दारात त्याची बायको राजश्री ओटीचं ताट घेऊन उभी होती. पालखी दारावरून सरळ पुढे निघाली.

"अहो, थांबवा की!" राजश्री म्हणाली.

"सही केली गो मी," राजेंद्र पुटपुटला.

तेवढ्यात बनुबाई वाटेच्या मधोमध येऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. तिच्यामागे राजश्री, तिच्यामागे शेजारच्या चारजणी.

"काकी, बाजूला व्हा," हैबती म्हणाला. "ठराव झालाय. सगळ्यांच्या सह्या हायत."

"माझी दाखव."

हैबतीने वही उघडली, मिटली.

"बायकांची सही घेता काय रे कधी वहीत? नाय ना? मग माझं कायबी मान्य झालेलं नाय. खाली ठेव पालखी. आन् ह्या परक्यांचे खांदे काढ. आमचे रेडे काय मोकळे फिरवायला आणलेत मुंबईसनं?"

पालखी खाली आली. राजश्रीने ओटी भरली. बावीस खांदे पुढे सरसावले. त्यात वयाने मोठे म्हणून श्रीपतदादा पहिले. कुणाचीही हरकत आली नाही.

त्याच गडबडीत, पाच अठ्ठावीसला आलेलं कंपनीचं पत्र फोनवर घेऊन रितेश जांभळीखालून धावत आला. कंपनीत सगळं सावकाश होतं, पण साडेपाचला साहेब घरी जातात. पत्र इंग्रजीत होतं. रितेश थबकत थबकत मराठी करून सांगू लागला.

"'आपल्या भाषेतल्या ठामपणाची व्यवस्थापनाने गंभीर नोंद घेतली आहे. कुणालाही न गाळता पुढे जाण्याचं तत्त्व मान्य. बाहेरचा खांदा नको, वयाने मोठ्याचा मान पहिला, यावर चर्चा करू. मात्र पालखी हे उपकरण आमच्या यादीत सापडत नाही. त्याची पूर्ण माहिती असणारा एक प्रतिनिधी सोबत घेऊन सोमवारी यावे. तोवर नवा करार थांबवला आहे.'"

 राजेंद्रने खांद्यावरचा दांडा जरा सावरला. पत्रात त्याचा 'विचार' कुठेच नव्हता. बऱ्याच दिवसांनी त्याला श्वास पुरता घेता आला.

"आपल्या चर्चेचा हा इजय हाय!" गोमाजी म्हणाला.

"सोमवारी न्यायचं कुनाला?" श्रीपतदादांनी विचारलं, आणि सवयीने स्वतःच घसा खाकरला.

पण राजेंद्र बनुबाईकडे बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा चिटणीस आधी बोलला.

"काकी, मुंबईला याल काय? साहेबांशी बोलायचं हाय."

बनुबाईने पदराला हात पुसले. थोडा विचार केला.

"येते की. त्यात काय," ती म्हणाली. "पण आताच सांगून ठेवते, सही करणार नाय."