टोकेकरांच्या नळातला करंट

न्हाणीघरातल्या नळाला हात लावला की विद्युल्लताबाईंच्या बोटांपासून कोपरापर्यंत मुंग्या चढत. आधी त्यांना वाटलं, थंडीमुळे होत असेल. मग स्वयंपाकघरातल्या नळालाही तसंच व्हायला लागलं, तेव्हा त्यांनी नवऱ्याच्या कानावर घातलं.

शरच्चंद्र टोकेकर सरदारपूरच्या तहसिलीतून निवृत्त होऊन देवासला, वडिलांनी बांधलेल्या घरात येऊन राहिले होते. तक्रार आली की जागेवर जाऊन पाहायचं, ही त्यांची नोकरीतली सवय. ते न्हाणीघरात गेले, नळ मुठीत धरला आणि बराच वेळ धरून ठेवला.

"नळ ठीक आहे," ते बाहेर येऊन म्हणाले. "तू स्वतःला चेक करवून घे."

त्यानंतर भांडी घासणारी रामकन्या म्हणाली की नल काटता है, मी हात लावणार नाही. शरच्चंद्रांनी तिलाही नळ धरून दाखवला. रामकन्याने त्यांच्याकडे पाहिलं, नळाकडे पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून येणं बंद केलं. लोकांना आता कामच करायचं नसतं, असं शरच्चंद्रांचं मत पडलं. भांडी विद्युल्लताबाईंकडे आली, त्यामुळे नळाशी संबंध वाढला आणि मुंग्याही वाढल्या. हातातून पेला सुटायचा. एकदा दुधाचं पातेलं सुटलं.

गल्लीतल्या डॉक्टरांनी व्हिटॅमिनची इंजेक्शनं लिहून दिली. ती संपली, तरी मुंग्या होत्याच. मग मणक्याचा एक्स-रे झाला. मग मानेला पट्टा आला. पट्टा लावून त्या नळाखाली वाकत आणि कळ आता मानेपर्यंत जाते असं सांगत. डॉक्टरांनी पट्टा काढला आणि झोपेची गोळी दिली. विद्युल्लताबाई स्वयंपाक करता करता ओट्याला टेकून डुलक्या घेऊ लागल्या. शरच्चंद्र मनातून घाबरले होते. त्यांच्या एका सहकाऱ्याची बायको अशाच मुंग्यांनी सुरुवात होऊन अंथरुणाला खिळली होती. त्यांनी इंदूरच्या नसांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. निघताना घरात फक्त धारच्या अक्का होत्या. अक्का म्हणजे शरच्चंद्रांच्या थोरल्या विधवा बहीण. दसऱ्यापासून त्या इथेच राहत होत्या.

इंदूरच्या डॉक्टरीणबाईंनी विद्युल्लताबाईंना टेबलावर झोपवलं, हाताला तारा चिकटवल्या आणि सांगितलं की नसांमधून हलका करंट सोडणार आहोत, थोडा झटका जाणवेल, घाबरू नका. यंत्र सुरू झालं. विद्युल्लताबाई शांत पडून राहिल्या.

"दर्द तो नहीं हो रहा, आँटी?"

"नहीं," विद्युल्लताबाई म्हणाल्या. "हमारे घर के नल में तो इससे ज़्यादा आता है."

डॉक्टरीणबाई हसल्या. मग हसायच्या थांबल्या. त्यांनी यंत्र बंद केलं आणि एकेक प्रश्न विचारायला घेतला. मुंग्या कधी येतात, घराबाहेर येतात का, घर किती जुनं आहे, अर्थिंग आहे का, गीझर चालू असतो तेव्हा जास्त होतं का. शेवटचा प्रश्न त्यांनी अगदी हळू विचारला.

"अभी घर पर कौन है?"

अक्का रोज याच वेळेला अंघोळ करत. गीझर निघताना विद्युल्लताबाईंनीच त्यांच्यासाठी लावून ठेवला होता. शरच्चंद्रांनी फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. टॅक्सीत बसल्यावरही ते लावतच राहिले. शिप्रेच्या पुलापुढे ट्रकांची रांग लागली होती. विद्युल्लताबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. "मी तुम्हाला सांगत होते," एवढंच त्या एकदा म्हणाल्या. धारला भाच्यांना काय सांगायचं, याची वाक्यं शरच्चंद्र मनात जुळवत होते आणि प्रत्येक वाक्यात आपलं नाव येत होतं.

अक्का अंगणात उन्हात बसून केस वाळवत होत्या.

शरच्चंद्र फाटकाला धरून उभेच राहिले. फोन का नाही उचलला, असं विद्युल्लताबाईंनी विचारलं. तो आत होता, अक्का म्हणाल्या. नळाचं विचारल्यावर त्या जरा ओशाळल्या.

"मी लाटण्यानं सोडते हो नळ. दिवाळीपासून. हात लावला की चावतो मेला."

"अक्का, मग सांगायचं नाही का?"

"शरदनं त्या रामकन्येला धरून दाखवला, मी बघत होते ना. मला वाटलं, त्याला होत नाही तर आपलंच वय झालं."

विद्युल्लताबाईंना आपलं लाटणं रोज ओलं का असतं, ते त्या दिवशी कळलं. त्या लाटण्याच्या पोळ्या सगळ्यांनी दीड-एक महिना खाल्ल्या होत्या.

वीजकाम करणारे वीरेंद्र भिया, इकडच्या बोलीतले भैया, संध्याकाळच्या आत आले. या घराची वायरिंग तरुणपणी त्यांनीच आपल्या वडिलांच्या हाताखाली केली होती. लाकडी पट्टीतल्या तारांवरचं कापडी वेष्टण बोट लावताच भुकटी होऊन खाली पडलं. त्यांनी न्हाणीघराच्या दाराजवळचा बोर्ड उचकटला, खिळे खाली टाकत गेले आणि गीझरची तार पाहून मान हलवली. गीझरमधून आतल्या आत करंट गळत होता. आधी तो जमिनीत जायचा, कारण त्या काळी अर्थिंगची तार सरळ नळाच्या लोखंडी पाइपाला बांधत. मधे कुणी पाइप बदलला का, असं त्यांनी विचारलं.

पावसाळ्यात रस्त्यापासून घरापर्यंतचा गंजलेला पाइप काढून शरच्चंद्रांनी प्लास्टिकचा टाकून घेतला होता. गल्लीत पहिला त्यांचाच. आता करंटला जमिनीत जायला वाट नव्हती, म्हणून तो घरातल्या सगळ्या नळांत भरून राहत होता.

"मान्य," शरच्चंद्र म्हणाले. "पण मग मला का नाही लागला?"

"चप्पल में होगे, भिया."

हा आरोप शरच्चंद्रांना सहन झाला नाही. वीरेंद्र भियांनी टेस्टर नळाला टेकवला होता आणि त्यातला लाल दिवा स्पष्ट पेटला होता. शरच्चंद्र चपला काढून तरातरा पुढे आले आणि ओल्या फरशीवर उभं राहून त्यांनी नळावर पंजा ठेवला.

"बघा. मी खोटं बोलत होतो का?"

वीरेंद्र भियांनी धावत जाऊन मेन स्विच पाडला. न्हाणीघरात खिडकीतला उजेड तेवढा उरला. विद्युल्लताबाई खाली पाहत होत्या. दारापासून नळापर्यंत फरशीवर लाल ठसे उमटले होते. बोर्डातून पडलेला एक गंजका खिळा शरच्चंद्रांच्या टाचेत डोक्यापर्यंत रुतला होता आणि ते विजयी मुद्रेने उभे होते.

"पाय उचला," त्या म्हणाल्या.

"का?"

धनुर्वाताच्या इंजेक्शनाबरोबर रक्तही तपासलं गेलं. साखर इतकी निघाली की गल्लीतल्या डॉक्टरांनी पुन्हा तपासायला लावली. इंदूरच्या टेबलावर या खेपेला शरच्चंद्र झोपले. विद्युल्लताबाईंच्या नसा उत्तम होत्या. साखरेनं शरच्चंद्रांच्या गुडघ्याखालची जाणीव जवळजवळ संपली होती आणि हाताच्या बोटांतूनही जात चालली होती. किती वर्षांपासून, ते डॉक्टरीणबाई सांगू शकल्या नाहीत. गेलेलं परत येणार नाही, आहे ते सांभाळा, एवढं त्या म्हणाल्या. अनवाणी चालायचं नाही, आणि अंघोळीचं पाणी स्वतः अजमावायचं नाही. भाजलं तरी कळणार नाही.

घराची वायरिंग नवी झाली. अंगणात खड्डा खणून कोळसा-मीठ घालून अर्थिंग बसवलं, आणि जरा करंट गळला की आपोआप पडणारा स्विच मीटरपाशी लागला. रामकन्या परत आली.

शरच्चंद्र आता न्हाणीघराच्या दारात टॉवेल गुंडाळून उभे राहतात. विद्युल्लताबाई बादलीत हात घालून पाहतात. त्यांनी थांबा म्हटलं की ते थांबतात, चला म्हटलं की जातात.

संक्रांतीच्या आधी कडाक्याची थंडी पडली, त्या दिवसांतली गोष्ट. विद्युल्लताबाई यायच्या आधीच शरच्चंद्रांनी बादली भरून तीत हात घातला होता. चेहरा उजळलेला होता.

"आज मला कळतंय," ते म्हणाले. "कोमट आहे. छान कोमट."

विद्युल्लताबाईंनी हात घातला. पाणी रात्रभर गच्चीवरच्या टाकीत राहिलेलं, बर्फासारखं होतं. गीझर कुणी लावलाच नव्हता.

"हो," त्या म्हणाल्या. "कोमट आहे." आणि पदराने हात पुसत बाहेर येऊन त्यांनी गीझरचं बटण दाबलं.