पोटाला नळी लावण्याचा हुकूम

सन १९०७च्या श्रावणात आमच्या संस्थानात एक लाकडी नळी दाखल झाली. इंदुरात शिकून आलेल्या सुईण सुमंगलाबाई ती गर्भिणीच्या पोटाला लावून बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकणार होत्या. नळीने बाळाला अपाय तर होणार नाही ना, हे ठरवायला कमिटी नेमण्यात आली. अध्यक्ष तात्यासाहेब आणि कारकून मी, म्हणजे विश्वासराव.

माझी बायको बकुळा हिचे दिवस भरत आले होते. ती म्हणाली, "अहो, कालपासून बाळ नीट हलत नाहीये. बाईंना नळी लावायला सांगा ना!"

नळी अजून चौकशीखाली आहे, हे मी तिला समजावले.

पेच असा होता, की गर्भिणीवर तपासल्याशिवाय नळी निर्धोक ठरेना आणि निर्धोक ठरल्याशिवाय ती गर्भिणीला लावता येईना. शेवटी तात्यासाहेब स्वतः गादीवर आडवे झाले. दालबाफल्यांचे जड जेवण नुकतेच झाले होते. आत गडगडाट उत्तम होता आणि तात्यासाहेबांना काडीचाही अपाय झाला नाही.

हुकूम निघाला: नळी पुरुषांस निर्धोक आहे, सबब गर्भिणीची तक्रार असल्यास तिच्या घरच्या कर्त्या पुरुषाच्या पोटास लावावी. मसुदा माझाच. अक्षर फार सुबक आले होते.

मी ताबडतोब अर्ज केला आणि कचेरीतच सदरा वर करून पडलो.

"भिया, हिलो मत," पट्टेवाला म्हणाला.

सुमंगलाबाईंनी नळीला कान लावला. "ह्यांचं पोट ठणठणीत आहे. पण बकुळाबाईंचं काय?"

"तेच तर तपासलंत!" तात्यासाहेबांनी शेरा मारला: बाळ सुखरूप.

घरी येऊन मी ही आनंदाची बातमी दिली. "अहो, बाळ माझ्या पोटात आहे!" म्हणून बकुळा ओक्साबोक्शी रडू लागली.

तोवर सुमंगलाबाई माझ्या मागोमाग येऊन पोचल्या होत्या. मला बाहेर घालवून त्यांनी बकुळेला नळी लावली. "ठोके मंद झालेत. टांगा आणा, आत्ताच्या आत्ता!"

दवाखान्यात डॉक्टरांनी चिमटे लावून मुलगी सोडवली. निळी पडली होती पोर. बऱ्याच वेळाने रडली, आणि मीही लाज सोडून रडलो.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी कमिटी बसली. हुकूम मोडून गर्भिणीला नळी लावल्याबद्दल सुमंगलाबाईंना बडतर्फ करायचे ठरले. ज्याच्या घरी गुन्हा घडला, त्याची फिर्यादी म्हणून सही हवी होती.

"बाईंनी मुलगी वाचवली, हे कमिटीला मान्य आहे, विश्वासराव," तात्यासाहेब म्हणाले. "पण कोणत्या अधिकाराने?"

मी सही केली. होय, केली! तुम्ही नाक मुरडताय, दिसतंय मला. पण माझ्या जागी तुम्ही असतात, तर एवढंच विचारलं असतंत, की सही नेमकी कुठे करायची?